जुन्या मापाची रत्ना

सिडको, एन-११,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,

धाकट्या रत्नाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सगळं ठीक. तुझ्याकडेही तसंच असेल असं धरून चालते, कारण तुझे कान गेल्यापासून फोनवर विचारायची सोय नाही आणि मोबाईलवरचा मजकूर वाचला की तुझं डोकं दुखतं. छत्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेस, आता बहिणीलाही तिकिटं चिकटवायला लावतेस!

बातमी अशी की काल काटा चौसष्टावर थांबला. सव्वा वर्षापूर्वी अठ्ठ्याण्णव होता, आठवतं ना? डॉक्टरांनी साखरेची गोळी निम्मी केली. रविवारी बुद्धलेणीच्या पायऱ्या मी एका दमात चढते आणि वर जाऊन इंद्रजीतची वाट बघते. ताई, सत्तेचाळिसाव्या वर्षी सांगायला लाज वाटते, पण मला माझं शरीर पहिल्यांदाच आवडायला लागलंय. परवा कॉलेजच्या नव्या वॉचमननं मला गेटवर अडवलं. ओळखपत्रावरची बाई वेगळी आहे म्हणाला. ग्रंथालयात आम्ही दिवसभर हसत होतो.

आता प्रश्न कपड्यांचा. साड्यांचं काही नाही, पण बावीस पंजाबी ड्रेस, गाऊन, ब्लाउज असा ढीग पलंगावर पडलाय. कोपऱ्यावरच्या पुंजाराम टेलरकडे चार ड्रेस बारीक करायला नेले, तर त्यानं हात जोडले. ताई, जेवढं काढायचं त्यात अजून एक बाई बसंल, असं म्हणाला. भांडेवालीला द्यावेत तर ती एवढ्याशा वाटीवर बोळवण करणार. इंद्रजीत म्हणतो ठेव, उतरलेलं वजन परत येतंच. त्याचं ते बोलणं मला मुळीच आवडलं नाही.

आणि खरी काळजी सासूबाईंची आहे. काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून त्या माणूस हातानं ओळखतात, हे तुला माहीत आहे. माझा दंड धरल्याशिवाय त्या घास घेत नसत. आता पंधरा दिवस झाले, दंड चाचपतात आणि तोंड फिरवतात. ही माही सून नाय, रतनला बोलवा, असा धोशा लावलाय. आवाज तरी ओळखा म्हटलं, तर म्हणतात की आवाज तेवढा काढती रतनचा. इंद्रजीत कंपनीतून आला की त्याच्या हातचे दोन घास खातात, पण त्याच्या पाळ्यांचं काही खरं नसतं. म्हातारी वाळत चाललीय. काय करू ते कळव.

माझं वजन घटलं म्हणून लोभ घटवू नकोस.

तुझी,
रत्ना


फर्दापूर
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस,

अ. उ. आ. आणि जयभीम. पत्र वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला. तू बारीक झालीस हे वाचते खरी, पण मला तू बारीक अशी डोळ्यांसमोर आणताच येत नाहीस. तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर एका बाजूला कलली, ती अजून सरळ झाली नाही. तो सगळा ऐवज असा लेणीच्या पायऱ्यांवर सांडून आलीस होय? सव्वा वर्षात एकदा तोंड दाखवायला आली नाहीस. माझे गुडघे मला बसमध्ये चढू देत नाहीत, तुझे तर आता देतात ना?

कडूबाईंचं मनाला लावून घेऊ नकोस. डोळे गेलेल्या माणसाला हातात जे येतं तेच खरं. मी सांगते ते कर. जुना एखादा ड्रेस घाल, आत कमरेला गोधडी गुंडाळ, दंडांना टॉवेल बांध आणि जाऊन शेजारी बस. म्हातारीला फसवतेय असं मनात आणू नकोस, जेवू घालतेय असं समज. माणसं बदलली, कुणी शिरलं वगैरे काही त्या बरळल्या तर कानाआड कर. दादांनी आपल्याला असल्या गोष्टींना भ्यायला शिकवलेलं नाही. आणि त्या नीट जेवायला लागेपर्यंत कपडे कुणाला देऊ नकोस.

इंद्रजीतरावांना जयभीम सांग. तुझ्यावरची माया मी कधी वजनावर दिली नाही, पुढेही देणार नाही.

तुझी ताई,
करुणा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, २ मार्च २०२५

आदरणीय ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. तुझ्या सांगण्याप्रमाणे सोंग घेतलं. पिवळ्या काठाचा हिरवा ड्रेस काढला, आत गोधडी ओढणीनं आवळली, दंडांना टॉवेल बांधले. आरशात पाहिलं तर गेल्या वर्षीची मी समोर उभी! मला हसू आवरेना. सासूबाईंनी दंड दाबला, पाठीवरून हात फिरवला आणि त्यांचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू. आलीस व्हय गं, कुठं गेली व्हतीस इतके दिस, म्हणाल्या. पिठल्याबरोबर अख्खी भाकरी खाल्ली. मला तिथंच रडू आलं.

मग मला जवळ ओढून कानात सांगू लागल्या. घरात एक वाळकी बाई फिरती, लई गोड बोलती, पण तिचा हात गार असतो. तू दाराला कडी लावत जा, ती तुही जागा घेईल. ताई, माझ्याच कानात माझी चुगली! तेव्हाही मी हसलेच.

सकाळी कॉलेजला जाण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं मी ते सोंग रोज घेते. मध्ये ड्रेस स्वयंपाकघराच्या दारामागं खुंटीला असतो. दुपारी शेजारची मंजुषा किल्लीनं दार उघडून सासूबाईंना पाणी देते. परवा गुरुवारी मी साडेपाचला घरी आले, तर सासूबाई जेवून, चूळ भरून बसलेल्या. केसांना तेल लावून अंबाडा घातलेला. मी घालते तसाच, डावीकडे झुकलेला. दुपारी रतननं भरवलं म्हणाल्या. मला वाटलं मंजुषा असेल. पण ती बुधवारपासून जालन्याला आईकडे होती, किल्लीही तिच्याबरोबर गेलेली.

मी खुंटीवरचा ड्रेस काढायला गेले. तो पाठीवर आणि काखेत ओला होता. जाड होते तेव्हा माझे कपडे असेच भिजायचे. सकाळी मी घातला होता तो जेमतेम दहा मिनिटं, आणि मला आता घाम येत नाही.

मी तुला फक्त घडलं ते लिहितेय. तू हसशील म्हणूनच लिहितेय, कारण तुझं हसणं मला हवंय. पत्राला उशीर करू नकोस, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
रत्ना


फर्दापूर
शनिवार, ८ मार्च २०२५

चि. रत्ना हिस,

अ. उ. आ. आणि जयभीम. हसले गं बाई, पोटभर हसले. आता ऐक. म्हाताऱ्या माणसांच्या हातांना सवय असते. डोळे गेले म्हणून हात विसरत नाहीत. कडूबाई भिंत धरून स्वयंपाकघरात गेल्या असतील, भाकरी खाल्ली असेल, तेलाची बाटली सापडली असेल. ऊब वाटावी म्हणून ड्रेस अंगावर ओढून बसल्या असतील, म्हणून ओला. सुनेनं भरवलं म्हणायला त्यांना बरं वाटतं, एवढंच. टोपल्यातल्या भाकरी सकाळ-संध्याकाळ मोजून बघ, उलगडा होईल.

दुसरं असं की तू काही खातेस की नाही? पोटात अन्न नसलं की माणसाला नको ते दिसतं. मोड आलेली मटकी आणि काकडी खाऊन माणूस जगतो, पण त्याचं डोकं जागेवर राहत नाही. जयंतीला नवी पांढरी साडी नेसून मिरवणार आहेस ना? मग अंगात थोडं बळ ठेव.

मला रोज दुपारी पोस्टमनची वाट बघायला लावू नकोस. मायेच्या माणसाला असं ताटकळत ठेवणं बरं नाही.

तुझी ताई,
करुणा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, २३ मार्च २०२५

आदरणीय ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. भाकरी मोजल्या. रोज दुपारी दोन कमी होतात. सासूबाईंना एकीच्या वर जात नाही.

आता पुढचं सांगते, यावेळी हसू नकोस. मंगळवारी इंद्रजीतची पहिली पाळी होती. चितेगावच्या कंपनीतून तो साडेतीनला घरी आला. दारातून त्यानं पाहिलं, मी हिरवा ड्रेस घालून आईच्या खाटेवर पाठमोरी बसून तिला भरवत होते. त्यानं चहा ठेव म्हटलं, मी मान हलवली, तो आत जाऊन आडवा झाला. उठला तेव्हा उशाशी चहाचा कप होता. तो प्यायला. संध्याकाळी मी आले तर विचारतो, दुपारी येऊन परत कशाला गेलीस? त्या वेळी मी ग्रंथालयात सहा जणांसमोर पुस्तकांची मोजदाद करत होते.

मी त्याला सगळं सांगितलं. तुझी पत्रंसुद्धा दाखवली. त्यानं ती वाचली. मग म्हणाला, आई जेवती ना, मग झालं. आणि ताई, त्यानंतर खाली बघून म्हणाला की चहा लई दिवसांनी मनासारखा झाला होता. दोन चमचे साखर घातलेला. वर्षभर मी या घरात गोड चहा केलेला नाही. मला इतकं लागलं की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि आठ दिवसांनी आलेलं पाणी वाया घालवलं.

गोधडीचं सोंगही आता चालत नाही. सासूबाईंनी परवा माझ्या पोटावर हात दाबला आणि म्हणाल्या, गोधडं बांधून आलीस, आंधळीला कळत नाय व्हय? सकाळी खात नाहीत, संध्याकाळी खात नाहीत. फक्त दुपारी जेवतात, आणि गालांवर रंग चढलाय. या घरातली वाळकी बाई ती मीच आहे.

दुपारी जी येते तिची मला तेवढी भीती वाटत नाही. ती चांगलीच आहे, म्हातारीला जेवू घालते. मला भीती याची वाटते की उद्या मी या घरातून गेले तर कुणाला चुकल्यासारखं होणार नाही. आणि माझं वजन उतरायचं थांबत नाही. पूर्वीसारखं दोन वेळा पोटभर जेवते, तरी काटा आज अठ्ठावन्न दाखवतो. जयंतीसाठी शिवलेला ब्लाउज आत्ताच ढगळ होतोय.

मी ते सगळे कपडे देऊन टाकायचे ठरवलंय. तू फक्त हो म्हण. माझ्या बाजूनं आता तूच एक उरली आहेस, तेव्हा हात सोडू नकोस.

तुझी,
रत्ना


फर्दापूर
शनिवार, २९ मार्च २०२५

चि. रत्ना हिस,

अ. उ. आ. आणि जयभीम. हसले नाही. दोन दिवस पत्र उशाखाली ठेवलं होतं.

आधी डॉक्टरकडे जा, साखर बघ. वजन असं आपोआप उतरू लागलं तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते औषधानं बरं होतं. मग कपडे देऊन टाक. एकही मागे ठेवू नकोस. मीच तुला सोंग घ्यायला सांगितलं, ती माझी चूक झाली. जेवू घालायच्या नादात तुझी जागा मी दुसऱ्या कुणासाठी रिकामी करायला लावली, असं आता वाटतं. कुणासाठी ते मला कळत नाही, आणि दादांची मुलगी म्हणून ते लिहायलाही लाज वाटते.

कपडे गेले की कडूबाईंना घेऊन सरळ इकडे ये. महिनाभर दोघी राहा. त्यांना मी भरवीन, माझे दंड अजून भरपूर आहेत. आणि घरच्यांना चुकल्यासारखं होणार नाही, असलं काही परत लिहू नकोस. तू कशीही होऊन आलीस तरी मी तुला दारातच ओळखीन. तू चालायला शिकलीस ती माझं बोट धरून.

वाट बघते. तू समोर येऊन बसलीस की लोभाबिभाचं लिहावं लागणार नाही.

तुझी ताई,
करुणा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, ६ एप्रिल २०२५

आदरणीय ताईस,

सविनय जयभीम. वि. वि. साखर तपासली, ठीक आहे. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, आणखी तपासण्या लिहून दिल्यात. आज पंचावन्न.

सकाळी भांडेवालीला वर बोलावलं. तिनं एकेक ड्रेस झटकून पाहिला, एवढ्या मापाचं गिऱ्हाईक भेटत नाय म्हणून कुरकुरली आणि शेवटी झाकणाचा एक डबा देऊन सगळे घेतले. सगळे म्हणजे एकवीस. हिरवा खुंटीवर नव्हता. कपाट, पलंगाखाली, गच्चीवरची दोरी, कुठं कुठं शोधला. इंद्रजीतला माहीत नाही, मंजुषाला माहीत नाही. सासूबाईंना विचारलं, तर हसल्या. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण हसल्या.

बुधवारी सकाळच्या बसनं मी त्यांना घेऊन निघते. इंद्रजीत स्टँडवर सोडतो म्हणालाय. तुझ्या घराच्या ओट्यावर बसून तुझ्या हातचं खाईन आणि खूप झोपेन. मला फक्त तू माझ्याकडे बघायला हवी आहेस. इथं बरेच दिवस कुणी माझ्याकडे बघितलेलं नाही.

हे पत्र माझ्या मागून पोचेल बहुतेक. दोघी मिळून वाचू.

तुझी,
रत्ना


फर्दापूर
बुधवार, ९ एप्रिल २०२५

श्री. इंद्रजीतराव यांस,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुमची आई माझ्याकडे सुखरूप आहे, हे आधी सांगते. तुम्ही शोधत असाल. शेजारच्या मेघाकडून तुम्हाला फोन लावून पाहिला, तो बंद लागतो. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं तिच्याच हाती पाठवते आहे.

काल मंगळवारी दुपारी दार हललं. उघडलं तर रत्ना, तुमच्या आईचा हात धरून उभी. बुधवारी येणार होती हे मला कुठं माहीत? पत्र आज मिळालं. अंगात हिरवा ड्रेस, पिवळा काठ. होती तशीच, भरलेली, घामानं डबडबलेली. मी तिला मिठी मारली तर माझे दोन्ही हात तिच्या पाठीवर एकमेकांना पोचेनात. सव्वा वर्षानं माझी बहीण माझ्या मिठीत होती, मी दुसरा विचारच केला नाही. तिची पत्रं मी विसरले होते असं म्हणणार नाही. आठवत होती. एका पाटीवर लिहून मी तिला विचारलं की हे बारीक होण्याचं काय. तिनं खाली लिहिलं की ती बाई माझ्या नावानं लिहीत होती. अक्षर रत्नाचं. पत्रं काढून ताडून पाहिली, तेही अक्षर रत्नाचं. छत्तीस वर्षं मी अक्षरं वाचली, पण मला फरक करता आला नाही. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि मला जे हवं होतं ते खरं धरलं. तिनं स्वयंपाक केला, कडूबाईंना भरवलं, मलाही वाढलं.

आज बाराच्या सुमाराला पुन्हा दार हललं. दारात एक बाई होती. इतकी वाळलेली की साडी अंगावर राहत नव्हती. ती खूप बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. माझा हात धरला, तो हात गार होता, हाडं लागत होती. पर्समधून कागद काढून तिनं लिहिलं की ताई, मी रत्ना. तेच अक्षर. मी तिच्याकडे बघत होते, इंद्रजीतराव, खरंच बघत होते, आणि मला तिच्यात माझं कुणी दिसेना. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला. जड, ऊबदार, पिठानं भरलेला. मी त्या बाईच्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि दार लावलं. कडी घातली.

मग खिडकीतून पाहिलं. ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. एका पायावर भार टाकून, दुसऱ्या पायाचा अंगठा मातीत रोवून, मान खाली. लहानपणी मी शाळेला निघाले आणि तिला नेलं नाही की आमची रत्ना दारात अशीच उभी राहायची. जगात दुसरं कुणी असं उभं राहत नाही. मी कडी काढून बाहेर गेले. रस्ता रिकामा होता. हॉटेलाच्या पाटीपर्यंत गेले, स्टँडवर गेले, गुडघे दुखतात हे विसरून गेले. पांढऱ्या साडीतली बारीक बाई कुणी पाहिलेली नाही.

आत्ता ती हिरव्या ड्रेसमधली स्वयंपाकघरात आहे. हसण्यानं कडूबाईंचे खांदे हलताना मला इथून दिसतात. मी हिशोबाची वही उघडून बसलेय असं तिला वाटतंय.

तुम्ही येऊ नका असं नाही, पण इकडे येण्याआधी रत्नाला शोधा. ती घरी आली असेल, नाहीतर बसमध्ये असेल, नाहीतर लेणीच्या पायऱ्यांवर असेल. सापडली तर पहिल्यांदा तिला जेवायला द्या आणि ती जेवत असताना तिच्याकडे बघत राहा. तिला सांगा की ताईनं ओळखलं. उशिरा ओळखलं, कडी घातल्यावर ओळखलं, पण ओळखलं.

माझ्यावर लोभ ठेवू नका. असेल नसेल तो सगळा तिच्यावर असू द्या.

आपली,
करुणा